वर्ख सगळ्यात शेवटी

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबांच्या पिढीतल्या माणसांना एका मळ्यावर वेठीला धरलं होतं. त्या मजुरांच्या यादीतली दोन पानं घरात आहेत, पणजीचं प्रार्थनेचं पुस्तक आहे आणि तिच्या कपड्याचा एक तुकडा आहे. कागद, कापड, रंग, मेण असं सगळं मिळून सहा-सात चित्रांची मालिका करायची आहे. शेवटच्या चित्रात जखम भरून आलेली दाखवायची आहे, भेगेतून सोन्याचा वर्ख चमकतो आहे अशी. अडचणी दोन. पुस्तकाची पानं कापून वापरावीत की नाही, हे ठरत नाही. आणि ज्या धर्माने मालकाला कधी जाब विचारला नाही त्याच धर्माने पणजीला तगवलं, तर मग श्रद्धेला चित्रात जागा कोणती द्यायची, हेही कळत नाही.

मी गेली पंचवीसेक वर्षं मिश्र माध्यमात काम करते आहे. त्यातली बरीचशी वर्षं अशाच कागदांवर गेली: हजेरीवह्या, याद्या, ठसे. म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी वर्खाबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त तिथेच सांगायचं आहे.

फुटलेलं भांडं सोन्याने सांधण्याची जपानी रीत, किंत्सुगी, आता सगळ्यांना ऐकून माहीत असते. जखम भरणं दाखवायचं म्हटलं की हात आपोआप सोनेरीकडे जातो. पण ती रीत जवळून पाहिली तर भांडं सोन्याने सांधलेलं नसतंच. सांधतो तो उरुशी नावाचा झाडाचा चीक. तो पिठात कालवून तुकड्यांच्या कडांना लावतात, तुकडे जुळवतात, बांधतात आणि दमट, उबदार पेटीत आठवडेच्या आठवडे तसेच राहू देतात. हा चीक कोरड्या हवेत घट्ट होत नाही, त्याला ओलावाच लागतो. मग खाचा भरायच्या, घासायचं, पुन्हा लेप, पुन्हा घासायचं. ओला चीक कातडीला लागला तर अंगावर पुरळ उठतं. हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, ओलसर लेपावर सोन्याची पूड भुरभुरवतात. आपण बघतो ती पूड. भांडं धरून ठेवलेलं असतं त्या चिकाने, जो आपल्याला दिसतही नाही आणि हाताला त्रासही देतो.

मी हे चुकून शिकले. एका जुन्या मळ्याच्या हजेरीवहीच्या प्रतीवर मी काम करत होते. नावाच्या रकान्यात नावं नव्हती, फक्त आकडे आणि समोर अंगठे. त्यातला एक अंगठा फरफटलेला होता. ठशाच्या खालच्या कडेला रेषा एकमेकींत मिसळून शाईचा एक पट्टा झाला होता, जणू हात टेकवल्यावर कुणी कागद ओढला, किंवा कागदावरून हात ओढला. मी तो ठसा हातभर मोठा केला, जाड कागदावर छापला, कागद मधोमध फाडला, फाटलेल्या कडा जवळ आणल्या आणि मधल्या फटीत वर्ख बसवला. चित्र देखणं झालं. ते बघायला त्या मळ्यावरच्या माणसांच्या वंशातल्या एक वयस्कर बाई आल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. मग फटीकडे बोट करून म्हणाल्या, “हे सोनं आमच्यात कुठून आलं?”

त्यात टोमणा नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण सोनं त्यांच्यात कुठूनच आलं नव्हतं. कुणी काही परत दिलं नव्हतं, कुणी चूक कबूल केली नव्हती, आणि मी मात्र हिशेब मिटल्याचं चित्र काढून मोकळी झाले होते. तो तुकडा मी प्रदर्शनातून काढून घेतला. वर्ख खरवडला. खालचा कागद खरवडल्यामुळे भुसभुशीत झाला होता, त्याला मागून पातळ कागदाचं अस्तर लावावं लागलं. मग ती फाट मी लिननच्या एकेरी दोऱ्याने शिवली आणि नंतर ठशातल्या रेषा एकेक करून धावदोऱ्याने भरल्या. फरफटलेल्या पट्ट्यापाशी रेषाच उरल्या नव्हत्या, तिथे टाके घातले नाहीत. या कामाला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मला जे समजलं ते आधीच्या तीन महिन्यांत समजलं नव्हतं. त्या बाई पुन्हा आल्या तेव्हा चित्राबद्दल काही बोलल्या नाहीत. शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि आपल्या आजीबद्दल बोलायला लागल्या.

म्हणून माझं म्हणणं असं की, बरं होणं हा चित्राचा विषय करू नका. उगवतं रोप, उघडलेले तळवे, अंधारातून येणारा उजेड, भेगेतलं सोनं, ही सगळी बरं झाल्याची चिन्हं आहेत आणि चिन्हं रंगवायला अर्धा दिवस पुरतो. जखम हाताळण्याची जी पद्धत असते, तिच्यात बरं होणं असतं. किती हळू, किती वेळ, काय झाकलं, काय उघडं ठेवलं, कुठे हात थांबला. बघणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. शिवलेला कागद आणि शिवल्यासारखा रंगवलेला कागद यांतला फरक लहान मुलालाही चार हातांवरून कळतो.

यासाठी बंगालचे चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांचं काम अवश्य बघा. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी उपाशी माणसं डोळ्यांनी पाहिली आणि रेखाटली. पुढे १९७०च्या दशकात त्यांनी ‘वून्ड्स’, म्हणजे जखमा, ही मालिका केली. माती-मेणाच्या सपाट थरावर सुरीने आणि तापवलेल्या सळईने घाव घालायचे, त्यावरून साचा करायचा आणि साच्यात कागदाचा लगदा दाबायचा. वाळून निघतो तो पांढरा कागद, ज्याला शाई जवळजवळ नाहीच. ना माणूस दिसतो, ना रक्त. बाजूने उजेड आला की कागदाची कातडी फाटलेली, सुजलेली दिसते. तीस वर्षं मनात राहिलेल्या दुष्काळाला त्यांनी भुकेचं एकही चित्र न काढता कागदावर आणलं. तिथे सावरणं कुठे आहे असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, त्या पांढऱ्या रंगाच्या संयमात आहे.

दुसरं काम कोलंबियाच्या शिल्पकार डोरिस साल्सेदो यांचं. २००७मध्ये त्यांनी लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या भल्यामोठ्या दालनाच्या फरशीला १६७ मीटर लांबीची भेग पाडली. नाव ‘शिबोलेथ’. हा शब्द बायबलमधल्या एका हत्याकांडाच्या कथेतला आहे. नदीच्या उताराशी पळून आलेल्यांना हा एक शब्द उच्चारायला लावत, आणि ज्यांच्या तोंडून ‘श’ निघत नसे त्यांना तिथेच मारून टाकत. भाषेवरून माणूस आतला की बाहेरचा ठरवण्याची ही रीत किती जुनी आहे आणि ती धर्मग्रंथातच कशी नोंदलेली आहे, ते या नावात येतं. प्रदर्शन संपल्यावर भेग बुजवली. फरशीवर तिचा व्रण मात्र राहिला आणि माणसं त्यावरून चालत राहिली. मला या कामातला तो बुजवल्यानंतरचा भाग जास्त खरा वाटतो. तुमच्या मालिकेतल्या शेवटच्या चित्राचा विचार करताना हा व्रण डोळ्यांपुढे ठेवा.

आता श्रद्धा. तुमच्या प्रश्नातला हाच भाग अवघड आहे, आणि तो टाळला नाहीत हे फार चांगलं केलंत.

एका पुस्तकाची गोष्ट सांगते. १८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं, वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश वसाहतींतल्या गुलामांसाठी. त्यातून पुष्कळ भाग गाळला होता. इजिप्तच्या गुलामीतून एक अख्खा समाज बाहेर पडतो ती कथा गाळली होती. सेवकांनी धन्याच्या आज्ञेत राहावं असं सांगणारी वचनं ठेवली होती. हे मी कोलाज करणाऱ्यांना नेहमी सांगते, कारण यात आपलंच हत्यार दिसतं. काय कापायचं, काय ठेवायचं, कशाशेजारी काय लावायचं. अन्याय करणाऱ्यांनीही कात्री चालवली आहे, आणि तीही पवित्र कागदावर. त्यामुळे आपण कात्री उचलतो तेव्हा ती कोरी नसते.

आणि हेच बायबल दुसऱ्या हातात गेल्यावर काय झालं तेही बघा. हॅरिएट पॉवर्स १८३७मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात गुलामगिरीत जन्मल्या. मुक्त झाल्यानंतर त्यांनी रजया शिवल्या, त्यांतल्या दोनच आज उरल्या आहेत. एक वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे, दुसरी बोस्टनच्या संग्रहालयात. पहिलीत ११ चौकटी आहेत, सगळ्या बायबलमधल्या: आदम आणि ईव्ह, केन आणि हाबेल, याकोबाचं स्वप्न, ख्रिस्ताचा क्रूस. कापडाचे आकार कापून दुसऱ्या कापडावर टाकलेले आहेत, काही ठिकाणी शिवणयंत्राची शिवण आहे. दुसरीत बायबलच्या प्रसंगांशेजारी त्यांनी १८३३चा उल्कावर्षावही शिवला, जो त्यांच्या जन्माआधीचा, ऐकीव. ज्यांनी तो पाहिला त्यांना जग बुडतं आहे असं वाटलं होतं. पॉवर्स यांच्या त्या चौकटीत माणसं हात वर करून उभी आहेत आणि मध्ये देवाचा हात आहे.

पहिली रजई एका चित्रकार बाईंना विकत हवी होती तेव्हा पॉवर्स यांनी नकार दिला. काही वर्षांनी हाल फार झाले म्हणून द्यावी लागली, १० डॉलर मागितले आणि ५ मिळाले. पण देताना त्यांनी एकेका चौकटीचा अर्थ सांगितला, तो त्या बाईंनी लिहून घेतला, म्हणून आज आपल्याला माहीत आहे. नंतर त्या आपली रजई बघायला परत परत जात. या रजईत अन्यायाविरुद्ध एक अक्षर नाही. आहे ती श्रद्धा, अगदी सरळ. आणि तरीही ज्या गुलाम माणसांना बायबल कापून दिलं गेलं होतं, त्यांच्यासारख्याच एका बाईने ते सुईदोऱ्याने पुन्हा अख्खं करायला घेतलं, हे त्या कापडासमोर विसरता येत नाही.

म्हणजे श्रद्धेला चित्रात कुठे बसवायचं, हा प्रश्न जागेचा नसावा. ‘धर्म’ असा एक तुकडा आणि ‘अन्याय’ असा दुसरा तुकडा करून ते समोरासमोर लावले तर चित्र वादविवाद होतं. तुमच्या पणजीच्या आयुष्यात ते दोन तुकडे नव्हते. तिच्या हातातलं पुस्तक आणि मालकाच्या घरातलं पुस्तक कदाचित एकाच छापखान्यातलं असेल. फरक होता तो पानं कुठे मळली यात. तिचं पुस्तक कोणत्या पानांवर मऊ झालं आहे, कुठे कोपरे दुमडले आहेत, कुठे बोटाचा तेलकट डाग आहे, हे आधी बघा. मालकाच्या आवडीची वचनं असलेली पानं जर कोरी करकरीत निघाली, तर तुमचं निम्मं चित्र तिथेच आहे.

श्रद्धेची संस्था आणि श्रद्धा यांचंही एक सरळ गणित नसतं. चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ला लष्कराने सत्ता घेतली आणि हजारो माणसं पकडली गेली, कित्येक परत आलीच नाहीत. त्यांच्या आया आणि बायका तागाच्या पोत्यांच्या तुकड्यांवर चिंध्यांची चित्रं शिवू लागल्या. त्यांना अर्पियेरा म्हणतात. तुरुंगाची दारं, सामुदायिक स्वयंपाकाच्या पातेल्याभोवती जमलेली माणसं, ‘ते कुठे आहेत?’ असा फलक धरलेल्या बाया, आणि वरच्या बाजूला आंडीजचे डोंगर आणि पुष्कळदा सूर्य. या बायकांना जागा, चिंध्या आणि बाहेरदेशी विक्रीची वाट मिळाली ती सांतियागोच्या कॅथलिक चर्चने १९७६मध्ये सुरू केलेल्या मदतकेंद्रातून. तोच धर्म कॅनडात मात्र आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या निवासी शाळा चालवत होता.

त्या शाळांवरचं आदिवासी कलाकार केरी न्यूमन यांचं ‘द विटनेस ब्लँकेट’ हे तुमच्या विषयाच्या सगळ्यात जवळ येणारं काम आहे. आकार घोंगडीचा, पण लाकडाचा, जवळजवळ १२ मीटर लांब. त्यात शाळा, चर्च आणि सरकारी इमारती यांमधून गोळा केलेल्या ८००हून अधिक वस्तू बसवल्या आहेत. शाळेचा एक खराखुरा दरवाजा आहे, लहान मुलाचा बूट आहे, केसांच्या वेण्या आहेत. शाळेत शिरताच मुलांचे केस कापत, म्हणून. न्यूमन यांचे वडील स्वतः अशा शाळेतून गेले होते. वस्तू गोळा करताना न्यूमन यांच्या माणसांनी त्या वस्तूंमागच्या आठवणीही ऐकून नोंदवल्या. आणि २०१९मध्ये मानवी हक्कांच्या कॅनेडियन संग्रहालयाशी करार करताना त्यांनी काम विकलं नाही. घोंगडीचे हक्क घोंगडीचेच मानून, ती दोघांनी मिळून सांभाळायची असं ठरलं, आणि तो करार कागदावर जसा झाला तसा आदिवासींच्या रीतीने समारंभातही झाला. मी जेव्हा म्हणते की सावरणं हाताळणीत असतं, तेव्हा मला असंच काहीतरी म्हणायचं असतं.

यावरून तुमच्या त्या यादीकडे येते. तिच्यात तुमच्या पणजोबांखेरीज इतरही माणसं आहेत. त्यांचीही पतवंडं कुठेतरी आहेत. जी घरं शोधता येतील त्यांना आधी सांगा, दाखवा, विचारा. कुणी म्हणालं की आमचं नाव नको, तर तेवढी ओळ झाका आणि झाकलेली दिसू द्या. माझ्या एका कामात अशा चार ओळींवर मी पातळ कापड चिकटवलं आहे, आणि लोक नेमके तिथेच जवळ येऊन बघतात. परवानगी मिळाली म्हणून सगळं वापरायलाच हवं असंही नाही. शिव्या, किळसवाणी व्यंगचित्रं, मारहाणीची छायाचित्रं यांच्याबद्दल फार जपून राहा. अमेरिकेतल्या काळ्या कलाकार बेटी सार यांनी १९७२मध्ये ‘द लिबरेशन ऑफ आंट जेमायमा’ या कामात काळ्या बाईची टर उडवणारी बाजारी बाहुलीच घेतली, पण तिच्या एका हातात झाडू आणि दुसऱ्यात बंदूक दिली. अपमानाची वस्तू घेतली तर तिचं पारडं असं उलटं फिरवता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर ती वस्तू नुसती मोठी करून भिंतीवर लावणं म्हणजे अपमान पुन्हा एकदा करणं.

आता थोडं साहित्याचं, कारण या विषयात साहित्य चुकलं की अर्थही चुकतो.

मूळ यादी चित्रात वापरू नका. उत्तम रिझोल्युशनला स्कॅन करा, मूळ पानं आम्लविरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवून द्या. छपाई सुती कागदावर आणि पिगमेंट शाईने करा. वर्तमानपत्र आणि स्वस्त लगद्याचा कागद काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो. ‘जुनं दिसेल’ म्हणून तो वापरणाऱ्यांचं काम दहा वर्षांत हातात चुरा होऊन येतं.

चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची शिजवलेली खळ आणि पातळ जपानी कागद, हे ग्रंथ दुरुस्त करणाऱ्यांचं साहित्य आहे. पाणी लावून ते पुन्हा सोडवता येतं, आणि ज्या विषयात उद्या कुणी येऊन “हे काढा” म्हणू शकतं त्यात सोडवता येणं फार मोलाचं. रबराचा गोंद मुळीच नको, तो तपकिरी डाग पाडतो आणि शेवटी सुटतोही.

कागदावर शिवायचं असेल तर भोकं आधी टोचणीने पाडून घ्या, मागे फेल्टचा तुकडा ठेवून. दोन भोकांत चार-पाच मिलिमीटर अंतर ठेवा. भोकं दाट झाली तर टपाल तिकिटासारखा कागद त्या रेषेवर सुटा होतो. कागदाला मागून मलमलीचं अस्तर दिलं तर टाके भार घेतात. दोरा ओढून घट्ट करायचा मोह होतो, तो आवरा; कागद कापडासारखा लवत नाही, चिरतो.

राख वापरणार असाल तर वस्त्रगाळ करा, दोन-तीनदा पाण्यात भिजवून वरचं पाणी ओता आणि वाळवा. राखेत खार असतो, तो तसाच राहिला तर रंग आणि रेशीम दोन्ही खातो. मळ्याची माती आणणार असाल तर ओव्हनमध्ये तापवून घ्या, नाहीतर तिच्यातली बुरशी आणि किडे काचेच्या आत जागे होतात. दोन्ही गोष्टी बांधायला अ‍ॅक्रिलिक मीडियम चालतं. गंजाचे डाग सुंदर येतात, पण लोखंड कापडाला आतून कुरतडत राहतं. टिकवायचं असेल ते कापड गंजापासून लांब ठेवा. आणि नकली वर्ख पितळेचा असतो, वर वॉर्निश नसेल तर काळा-हिरवा पडतो. हे मुद्दाम सांगते, कारण कुणाच्या मुक्तीचं सोनं दोन वर्षांत हिरवं पडलेलं मी पाहिलं आहे आणि ते बघवत नाही.

मेणाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण या विषयाला ते फार जवळचं माध्यम आहे. मेण झाकतं आणि दाखवतंही. आठ भाग मधमाश्यांचं मेण आणि एक भाग डामर नावाची झाडाची राळ, हे नेहमीचं प्रमाण. नव्वद अंशांच्या आसपास ठेवा, तापमापक वापरा. धूर दिसला म्हणजे मेण जळतंय, आणि तो धूर छातीत भरतो. खिडक्या उघड्या हव्यात. आधार लाकडी पाटाचा घ्या, कॅनव्हास लवतो आणि मेणाला तडे जातात. साध्या अ‍ॅक्रिलिक जेसोवर, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या लेपावर, मेण धरत नाही, पाण्याच्या थेंबासारखं वर बसतं आणि एक दिवस पापुद्रा होऊन निघतं. कागद थेट लाकडावर खळीने चिकटवून त्यावर मेण द्या. प्रत्येक थर दिल्यावर उष्ण हवेने खालच्या थरात विरघळवून घ्यायचा, नाहीतर थर एकमेकांना कधीच जोडले जात नाहीत. दोन थरांखाली अक्षरं स्पष्ट वाचता येतात, पाच-सहा थरांनंतर ती धुक्यात जातात. मग हवं तिथे कोमट पात्याने खरवडत परत वर आणायची. एक नाव वर येतं, शेजारचं येत नाही. कोणतं नाव वर आणायचं हे ठरवताना हात थांबतो, आणि तो थांबावा.

या कामात स्वतःला किती वेळ द्यायचा तेही ठरवून घ्या. कला म्हणजे औषधोपचार नव्हे. मी अशा कागदांवर दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त बसत नाही, आणि यादी वाचण्याचं काम रात्री कधीच करत नाही. झोप उडाली, एखादं पान बघितल्यावर हातपाय गार पडले, तर काम झाकून ठेवा आणि जाणत्या समुपदेशकाशी बोला. चित्र थांबून राहतं.

मालिकेच्या रचनेत माझी एकच सूचना आहे. जखमेपासून बरं होण्याकडे अशी सरळ चढण ठेवू नका. बघणारा शेवटच्या चित्रापाशी पोचला की सुटकेचा श्वास टाकतो आणि बाहेर पडतो, आणि त्याला तो श्वास द्यायचा की नाही हा निर्णय तुमचा एकटीचा नाही, त्या यादीतल्या सगळ्यांचा आहे. चित्रं गोल लावून बघा, किंवा सगळ्यांत मोठी दुरुस्ती दुसऱ्याच चित्रात येऊ द्या आणि नंतरच्या चित्रात ती पुन्हा थोडी उसवू द्या. वर्ख ठेवायचाच असेल तर सगळे टाके, खळ आणि मेण झाल्यानंतर, महिनाभर काम भिंतीवर लावून ठेवल्यानंतर, एक कण ठेवून बघा. मला वाटतं तोवर तुम्हाला त्याची गरज उरणार नाही.

आणि पणजीचं पुस्तक. कापू नका. ते पवित्र आहे म्हणून मी असं म्हणत नाही, तो निर्णय तुमच्या श्रद्धेचा. मी म्हणते ते यासाठी की त्या पुस्तकाचा जो भाग चित्रात यायला हवा तो छापील मजकूर नाहीच, मजकूर कुठल्याही प्रतीत मिळतो. तिच्या हाताने जे केलं ते घ्यायचं आहे. पुस्तक फार ठिसूळ नसेल तर सगळ्यात मळलेल्या पानावर पातळ, कोरडा कागद अलगद ठेवा, दाब न देता मऊ पेन्सिल आडवी धरून फिरवा. दुमड, चिरा, कोपऱ्याचा खळगा, सगळं उमटतं. आधी एखाद्या दुसऱ्या जुन्या पुस्तकावर हात बसवून घ्या. पुस्तक उघडंच राहत नसेल तर बाजूने उजेड टाकून पानाचं छायाचित्र घ्या, तेही चालेल. घासून घेतलेल्या त्या कागदावर एक अक्षरही वाचता येणार नाही. तो कागद यादीच्या छपाईवर ठेवा, तिच्या कपड्यातून ओढून काढलेल्या धाग्याने चारही कोपऱ्यांत एकेक टाका घाला आणि मधला भाग सैल सोडा, म्हणजे कुणी जवळून गेलं की तो किंचित हलेल.